लेकीचा चंद्र आजीच्या चंद्राच्या उलटा का?

वैदेही_पर्थ | ६ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. काल घरात तीन पिढ्यांचं भांडण झालं आणि मिटलं नाही, म्हणून हा धागा.

आम्ही पर्थला राहतो, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला. लेक दुसरीत आहे. शाळेने 'चंद्राची वही' करायला दिलीय. रोज संध्याकाळी बाहेर जायचं, चंद्र दिसेल तसा काढायचा, खाली तारीख घालायची. पाडव्यानंतरची पहिली कोर दिसल्यापासून बाईसाहेब इमानेइतबारे करतायत. काल अष्टमी. साडेसहाला अंगणात उभं राहून तिने अर्धा चंद्र काढला. डावी बाजू पिवळी, उजवी काळी. मी कौतुकाने फोटो काढून नाशिकला आईला पाठवला.

पाच मिनिटांत फोन. "अगं, उद्या रामनवमी आणि पोरगी वद्यातला चंद्र काढून बसलीय! शुद्धात चंद्र उजवीकडून भरतो. डावीकडून उजळलेला अर्धा चंद्र म्हणजे वद्य अष्टमी, तो मध्यरात्री उगवतो. तू जरा बघत नाहीस का तिचा अभ्यास?"

त्यात शुक्रवारी शाळेतूनही वही परत आली होती, तीन कोरींवर लाल फुल्या मारून. बाईंनी दिलेल्या छापील कागदावर वाढता चंद्र उजवीकडून उजळलेला आहे, हिने डावीकडून काढलेला. म्हणजे आजी आणि बाई एका बाजूला, लेक एकटी दुसऱ्या बाजूला, आणि ती रडकुंडीला आलेली. "पण मला तसाच दिसला!"

शेवटी मीच चप्पल अडकवून बाहेर गेले. चंद्र उत्तरेला, समोरच्या घराच्या कौलांवर. डावी बाजू उजळलेली. लेक बरोबर होती.

आता मला कुणीतरी नीट समजावून सांगा. जगात चंद्र एक, तिथी एक, मग हे असं का? आणि नवरा म्हणतो, "तुला इथे येऊन सहा वर्षं झाली, आत्ता दिसलं?" त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

---

कोकणकडा | ६ एप्रिल

सोप्पं आहे. तुम्ही लोक पृथ्वीच्या खालच्या बाजूला उलटे लटकलेले असता. वर रक्त डोक्यात उतरतं, त्यामुळे सहा वर्षं लक्षात येत नाही.

---

शंकासुर | ६ एप्रिल

माझ्या माहितीप्रमाणे दक्षिण गोलार्धात सगळंच उलटं. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. तशीच आपली पौर्णिमा ती त्यांची अमावस्या असणार. आजी त्यांच्या जागी बरोबर, लेक तिच्या जागी.

---

खडूफळा | ६ एप्रिल

शंकासुर, नाव सार्थ केलंत. पौर्णिमा-अमावास्या सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होते, फक्त घड्याळं वेगवेगळी वाजलेली असतात. येत्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण आहे, ते सोलापूरहूनही दिसेल आणि पर्थहूनही. ग्रहण पौर्णिमेलाच होतं. पर्थला तेव्हा अमावास्या असती तर त्यांनी काय बघितलं असतं?

उलट कोकणकड्यांनी थट्टेत जे लिहिलंय तेच खरं उत्तर आहे! वैदेहीताई, एक मोसंबी घ्या. तिच्यावर एका बाजूला स्केचपेनने ससा काढा. अंधाऱ्या खोलीत लेकीला मोसंबी हातात धरून उभी करा आणि तिच्या उजवीकडून बॅटरीचा झोत टाका. मोसंबीची उजवी बाजू उजळलेली दिसेल. आता बॅटरी आणि मोसंबी जागची हलू न देता लेकीला पाठमोरी वळून वाकायला सांगा आणि पायांच्या फटीतून मागे बघायला लावा. (मोसंबी तिथल्या तिथे कुणीतरी धरा.) तीच मोसंबी, तेवढीच उजळलेली, पण आता डावीकडून. ससाही डोक्यावर उभा.

नाशिक उत्तरेला २० अंशांवर, पर्थ दक्षिणेला ३२ अंशांवर. नाशिकचा माणूस चंद्र बघताना सहसा दक्षिणेकडे तोंड करतो, तेव्हा मावळतीची बाजू त्याच्या उजव्या हाताला येते. संध्याकाळी सूर्य तिकडे बुडालेला असतो, म्हणून चंद्राची उजवी बाजू उजळते. पर्थचा माणूस उत्तरेकडे तोंड करतो, त्याची मावळती डाव्या हाताला. सूर्य डावीकडे, उजेड डावीकडे. चंद्राने काहीच केलेलं नाही, वळलात तुम्ही.

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. पुस्तकात चंद्राच्या कलांची आकृती असते, ती कुठल्या गावातून दिसते हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. बाईंना दोष देऊ नका, त्यांनी उत्तर गोलार्धात छापलेला कागद उतरवून घेतलाय एवढंच.

---

वैदेही_पर्थ | ६ एप्रिल

सर, प्रयोग केला. मोसंबी मिळाली नाही, संत्रं वापरलं. पायांच्या फटीतून बघताना लेक कोलांटी खाऊन पडली, पण पडता पडता ओरडली, "आजीचा चंद्र दिसला!"

म्हणजे इथे चंद्र उजवीकडून डावीकडे चालतो हेही त्यामुळेच? उत्तरेकडे तोंड केलं की पूर्व उजव्या हाताला. सहा वर्षं मला वाटायचं की माझं दिशांचं ज्ञान मुळातच कच्चं आहे.

---

खडूफळा | ६ एप्रिल

बरोब्बर. सूर्यसुद्धा तसाच चालतो तिकडे. कुंड्या उत्तरेच्या बाजूला ठेवल्यात ना?

---

अबोली_सिंगापूर | ७ एप्रिल

आमच्याकडे भांडणच नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून सव्वा अंशावर, इथे कोर ना उजवी ना डावी. कायम पाळण्यासारखी, दोन्ही टोकं वर. वर्षातून कधी थोडी इकडे कलते, कधी तिकडे. गंमत म्हणजे पहाटे पूर्वेला दिसणारी वद्यातली कोरही पाळणाच. नुसत्या आकारावरून पक्ष ओळखता येत नाही, बघायची वेळ माहीत हवी. संध्याकाळी पश्चिमेला दिसली तर शुद्ध, पहाटे पूर्वेला दिसली तर वद्य. आजींना हा नियम सांगा, तो जगात सगळीकडे चालतो.

अवांतर: सिंगापूरच्या झेंड्यावर कोर उभी आहे, उजवीकडे तोंड केलेली. तशी ती इथल्या आकाशात कधीच उभी नसते.

---

मोकावासी | ७ एप्रिल

झेंड्याचा विषय निघालाच आहे तर मॉरिटानियाचा झेंडा बघा, १९५९चा. हिरव्यावर पिवळी कोर, आडवी, टोकं वर. त्यांची राजधानी नवाकशोट १८ अंश उत्तरेला, म्हणजे आपल्या मुंबईच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर. नेपाळच्या झेंड्यावरही चंद्र आडवाच. तुर्कस्तान बराच वर, तिथे कोर उभी.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या बायकांच्या कपाळावरची चंद्रकोर बघा. आडवी, टोकं वर, मध्ये ठिपका. शंकराच्या जटेतली पण तशीच. लंडनच्या बाईने चंद्रकोर टिकली शोधून काढली असती तर ती उभी लावली असती.

---

धुक्यातला | ७ एप्रिल

लंडनच्या बाईला कोर दिसायला तर हवी. इथे ढग.

---

दशग्रंथी | ८ एप्रिल

चांगला धागा. आपल्याकडे या गोष्टीला स्वतंत्र नाव आहे, 'शृंगोन्नती'. शृंग म्हणजे शिंग, कोरीचं टोक. कोणतं शिंग किती वर हे गणिताने काढायचं. सूर्यसिद्धांतात त्यावर एक अख्खा अध्याय आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत चंद्राच्या आकारांना नावं दिलीयत, नाव म्हणजे होडी, नांगर, दंड, धनुष्य अशी, आणि प्रत्येकाचं फळ सांगितलंय. फळाचं सोडा, पण माणूस रोज बाहेर उभा राहून बघत होता हे त्या नावांवरून कळतं. काही पंचांगांत चंद्रदर्शनाच्या शेजारी 'उत्तर शृंगोन्नती' असं अजूनही छापतात. वाचतं कोण?

नाशिकला बहुतेक वेळा उत्तरेकडचं शिंग वर असतं. पर्थला दक्षिणेकडचं. आमच्या सगळ्या गणिताला उज्जैनच्या आसपासचं आकाश अभिप्रेत आहे, ते मेलबर्न-पर्थला लावताना अक्षांश घालावाच लागतो.

---

शंकासुर | ८ एप्रिल

मान्य, अमावास्येचं मी चुकलो. पण आता दुसरी शंका. मोकावासी म्हणतात मुंबईत कोर आडवी. मी ठाण्याच्या गच्चीवरून गणपतीच्या आगेमागे बघितलीय, चांगली तिरकी होती. मग मुंबईची कोर आडवी की तिरकी?

---

खडूफळा | ९ एप्रिल

या वेळी शंका एक नंबर.

कोर म्हणजे धनुष्य समजा. त्यावर बाण लावला तर तो नेहमी सूर्याच्या दिशेने सुटेल. सूर्य क्षितिजाखाली कुठे बुडालाय त्यावर धनुष्य किती कलतं ते ठरतं. सूर्य बरोबर चंद्राच्या खाली असेल तर बाण सरळ खाली, कोर आडवी, होडीसारखी. सूर्य खाली-उजवीकडे असेल तर कोर उजवीकडे कललेली.

सूर्य आणि चंद्र आकाशात साधारण एकाच वाटेने जातात, तिला क्रांतिवृत्त म्हणतात. ही वाट संध्याकाळी पश्चिम क्षितिजाला किती अंशांनी भेटते ते ऋतूप्रमाणे बदलतं. नाशिकला मार्चअखेरीस ती क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभी असते. म्हणून पाडव्यानंतरची बीज सुरेख होडी. सप्टेंबरात तीच वाट ४६-४७ अंशांनी डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे झुकते, म्हणून ठाण्याच्या गच्चीवरून भाद्रपदातली कोर तिरकी.

लंडनला मार्चअखेरीस ही वाट ६०-६२ अंशांवर, सप्टेंबरात फक्त १५. पर्थला बरोबर उलट, आत्ता ३५ च्या आसपास आणि सप्टेंबरात ८० च्या पुढे. म्हणजे वैदेहीताई, लेकीच्या कोरी सध्या डावीकडे चांगल्या कललेल्या असतील, पण सप्टेंबरात बघा, पर्थला होडी आणि नाशिकला तिरकी. आजी-नातीची अदलाबदल.

---

मोकावासी | ९ एप्रिल

याला मी साक्षीदार. मॉरिशसला मोका भागात तीन वर्षं नोकरीनिमित्त होतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी मंडळी आहेत, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. मॉरिशस २० अंश दक्षिणेला, म्हणजे नाशिकचं आरशातलं प्रतिबिंबच. भाद्रपदातली कोर तिथे एकदम आडवी आणि उंच, आपली चैत्रातली कोर जशी. पहिल्या वर्षी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, काय ते कळलं नाही. आज कळलं.

---

शंकासुर | १० एप्रिल

शेवटची शंका, मग गप्प बसतो. परवा अष्टमीला मी गच्चीत उताणा झोपून चंद्र बघत होतो. पाय दक्षिणेला केले तर उजवी बाजू उजळलेली, पाय उत्तरेला केले तर डावी. मग आजींचं 'शुद्धात उजवीकडून' कुठे गेलं?

---

खडूफळा | १० एप्रिल

तुम्हाला वर्गात घेतलं असतं तर माझे तास संपले नसते.

चंद्र डोक्यावर असला की डावं-उजवं हे बघणाऱ्याच्या पायांवर अवलंबून. आणि आपल्याकडे तो डोक्यावर येतोच. परवाच्या अष्टमीला संध्याकाळी सातनंतर सोलापूरला चंद्र डोक्याच्याही आठ-नऊ अंश उत्तरेला होता. मान वर करून उत्तरेकडे तोंड केलं असतं तर आजींनाही लेकीसारखाच डावीकडून उजळलेला दिसला असता. लंडनला हे कधीच होत नाही, तिथे चंद्र कायम दक्षिणेला. आकृत्या तिकडच्या लोकांनी काढल्या, आपण पाठ केल्या.

हे सध्या जास्त ठळक आहे, कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरकी आहे आणि तिचा डोल १८.६ वर्षांनी पूर्ण होतो. २०२४-२५ मध्ये तो टोकाला आहे, चंद्र उत्तर-दक्षिणेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जातोय.

---

धुक्यातला | १७ एप्रिल, पहाटे १.२०

जागा आहे. कारण काल संकष्टी. मुंबईत दहा वाजून गेल्यावर चंद्रोदय, आईबाबांनी मोदक खाऊन फोटो टाकले. आमच्याकडे लंडनला चंद्र उगवला मध्यरात्र उलटून पाऊण तासाने. बायको उपाशी, मी तिच्या धाकाने उपाशी. एवढ्या रात्री शेजाऱ्यांच्या धुराड्यामागून लालसर चंद्र वर आला आणि बायकोने खिडकीतूनच हात जोडले.

वैदेहीताई, तुमच्याकडे किती वाजता?

---

वैदेही_पर्थ | १७ एप्रिल

सांगू का? रागवाल. पावणेआठला. आठला जेवलो.

---

धुक्यातला | १७ एप्रिल

हा अन्याय आहे.

---

खडूफळा | १७ एप्रिल

ऑक्टोबरात फिटेल. तीच वाट, तेच कोन. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, पण ती सरासरी. लंडनला वसंतात हा उशीर रोज सव्वा तासावर जातो, शरदात वीस-पंचवीस मिनिटांवर येतो. १० ऑक्टोबरच्या संकष्टीला लंडनला सव्वासातच्या सुमारास चंद्रोदय होईल, मुंबईच्याही आधी. पर्थला त्या दिवशी दहा वाजायला येतील. वैदेहीताई, आठवण ठेवा.

---

कोकणकडा | १७ एप्रिल

म्हणजे ज्याला संकष्टी झेपत नाही त्याने सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहावं. बाप्पाला चालेल का ते दशग्रंथींना विचारा.

---

उत्तरेकडची_सई | ११ जून

धागा वर काढतेय, कारण माझ्याकडे तुमच्या सगळ्यांच्या वरची तक्रार आहे.

मी नॉर्वेत ट्रोम्सोला संशोधनासाठी आलेय, जवळजवळ ७० अंश उत्तर. काल वटपौर्णिमा. इकडे वड नाही हे सोडून द्या, चंद्रच उगवला नाही! ढग नव्हते. तो क्षितिजाच्या वर आलाच नाही, आणि सूर्य क्षितिजाखाली गेला नाही. रात्री बारा वाजता ऊन, पौर्णिमा, आणि चंद्र गायब.

आणि डिसेंबरात नेमकं उलटं. दत्तजयंतीच्या सुमारास सूर्य दिवसचे दिवस उगवत नव्हता आणि चंद्र मावळत नव्हता. खिडकीबाहेर गोल गोल फिरत राहिला, बर्फावर उजेड पडलेला. घड्याळ बघितल्याशिवाय कळायचं नाही की सकाळ की रात्र. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग उपास सोडायचा कधी?"

कारण खडूफळा सर सांगतीलच, पण मी प्रयत्न करते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. जूनमध्ये सूर्य पार उत्तरेला म्हणून पौर्णिमेचा चंद्र पार दक्षिणेला, इतका की इथून क्षितिजाखालीच राहतो. डिसेंबरात अदलाबदल. आणि यंदा तो १८.६ वर्षांचा डोल टोकाला असल्याने सगळंच जास्त.

---

खडूफळा | ११ जून

पैकीच्या पैकी.

---

वैदेही_पर्थ | २८ ऑगस्ट

काल गणेश चतुर्थी झाली. आणि झालं ते झालंच.

नाशिकला असताना भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आई आम्हाला संध्याकाळी गच्चीवर जाऊ द्यायची नाही. चुकून चंद्र दिसला की चोरीचा आळ येतो, कृष्णावरसुद्धा आला. इथे काय? आरती झाली, बाहेर चपला काढलेल्या मुलांना बोलवायला दार उघडलं आणि समोर, उंच, लख्ख, पांढरी होडी. सर, तुम्ही एप्रिलमध्ये सांगितलेलं अगदी तस्सं! सूर्यास्ताला जवळजवळ अर्ध्या आकाशावर होती, नऊ वाजून गेले तरी मावळायचं नाव नाही. अंगणात जमलेल्या तीसेक माणसांनी एकजात बघितली. शेवटी सगळ्यांना बसवून मी स्यमंतक मण्याची गोष्ट वाचून दाखवली, आईने फोनवर सांगितलेला उपाय.

लेकीने मात्र वहीत काढली. शाळेची वही केव्हाच संपली, ही तिची स्वतःची. खाली लिहिलंय, 'बघायचा नव्हता'.

---

धुक्यातला | २८ ऑगस्ट

आमच्याकडे काल चंद्र सूर्यामागोमाग तासाभरात गडप. इमारतींच्या वर आलाच नाही. एप्रिलचा हिशोब थोडा फिटला.

---

मोकावासी | २८ ऑगस्ट

ही रूढी ज्याने घातली तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला नक्कीच राहत नव्हता.

---

दशग्रंथी | २९ ऑगस्ट

परवा गौरी आवाहन. त्याच संध्याकाळी चंद्राच्या जवळपास एक तांबूस तारा दिसेल, ती ज्येष्ठा. गौरी ज्येष्ठा नक्षत्रावर पुजतात म्हणून ज्येष्ठागौरी. कोर कुठेही कशीही कलो, चंद्र ज्येष्ठेपाशी असेल तर पर्थलाही असेल आणि पुण्यालाही.

---

शंकासुर | २९ ऑगस्ट

नक्षत्र सगळीकडे तेच, कलाही तीच. मग जगात कुठूनही चंद्र अगदी तेवढाच उजळलेला दिसतो, हे शंभर टक्के खरं?

---

खडूफळा | ३० ऑगस्ट

शंभर टक्के कशाला म्हणायला लावता! चंद्र पृथ्वीच्या मानाने तसा जवळच आहे, त्यामुळे पृथ्वीच्या दोन टोकांवरची माणसं त्याला किंचित वेगळ्या बाजूंनी बघतात. अर्धा चंद्र असताना जास्तीत जास्त दीड-पावणेदोन टक्क्यांचा फरक पडेल, डोळ्यांना कळणार नाही. जास्त फरक पडतो तो वेळेचा. तुमच्या संध्याकाळी सात आणि न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सात यांत साडेनऊ तास जातात, तेवढ्यात अर्धा चंद्र आणखी चार टक्के भरतो. पण तो एकाच क्षणीचा फरक नव्हे, ते उशिरा बघतात.

अवांतर: युरोपात लॅटिनमध्ये चंद्राला खोटारडा म्हणत. 'क्रेस्को' म्हणजे वाढतो आणि 'डिक्रेस्को' म्हणजे घटतो. तिथला चंद्र 'सी' अक्षरासारखा दिसतो तेव्हा घटत असतो आणि 'डी'सारखा दिसतो तेव्हा वाढत असतो. पर्थचा चंद्र खरं बोलतो.

---

कोकणकडा | ८ सप्टेंबर

काल ग्रहण. रात्री अकराला चंद्र पूर्ण झाकला, बारा बावीसपर्यंत तांब्याच्या परातीसारखा. आमच्याकडे दापोलीला ढगांतून दोनदा दिसला. बाकीच्यांनी हजेरी लावा.

---

वैदेही_पर्थ | ८ सप्टेंबर

दीडचा गजर लावून उठलो. तुमचे अकरा ते आमचे दीड. लेकीने विचारलं, "आजी आत्ता हाच बघतेय?" हो म्हटलं. मग झोपली.

---

धुक्यातला | ८ सप्टेंबर

आमचा उगवला तोच लाल. साडेसातला क्षितिजावर, आठच्या आत खग्रास संपलं.

---

शंकासुर | ८ सप्टेंबर

अमावास्येचं विधान मी जाहीर मागे घेतो. पुन्हा.

---

खडूफळा | ५ ऑक्टोबर

उद्या कोजागरी. गृहपाठ देतोय. चंद्रावरचा ससा शोधा. उजवीकडच्या काळ्या डागांपैकी शांतिसागर म्हणजे सशाचं डोकं (१९६९ साली माणूस पहिल्यांदा उतरला तीच जागा), आणि त्याला चिकटलेले दोन लांबट डाग म्हणजे कान. महाराष्ट्रातल्यांनी चंद्र उगवल्यावर एकदा बघायचा आणि मध्यरात्री पुन्हा. उगवतीपासून मावळतीपर्यंत तो आपल्याकडे १४० अंश फिरतो. दूध आटेपर्यंत बराच कलंडलेला असेल.

---

वैदेही_पर्थ | ७ ऑक्टोबर

गृहपाठ सादर.

काल आमचे रात्रीचे दहा, नाशिकचे साडेसात. व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन चंद्राकडे केला, लेकीने आमचा आमच्या चंद्राकडे केला, आणि दोन्हीकडे काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका. ससा नाही, काही नाही. मग फोन खाली ठेवले आणि नुसतं बोलणं सुरू झालं.

"तुझ्या सशाचे कान कुठे आहेत गं आजी?"

"उजवीकडे. आडवा पडलाय मेला."

"माझा बसलाय! कान सरळ वर."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "वैदेही, तो डावीकडून उजळलेला चंद्र काढला होता ना हिने, तो फोटो परत पाठव. मी पुसून टाकला होता."

आज सकाळी उठले तर आईचा निरोप येऊन पडलेला, रात्री बारा वाजून दहा मिनिटांचा: 'सरांना सांग, पुन्हा बघितला. आता पार डोक्यावर उभा राहिलाय. दूध जास्त झालं वाटतं त्याला.'